भागीबाईचं गोंदण

२२ जानेवारी २०००

दुभाषी म्हणून पहिला दिवस, आणि काय थाटात गेला! जिनिव्हाच्या मानवाधिकार संस्थेची एल्सा, मी आणि जीप. हरसूलच्या पुढच्या पाड्यावर गेलो. भागीबाईचा मुलगा सोमा वीटभट्टीवर डांबलाय. मुकादम खंडेराव घरी सोडत नाही, पळायला गेलेल्यांना मारतो. सोमाबरोबर आणखी पोरं आहेत.

आश्रमशाळेत तीन वर्षं शिकवलंय, त्यामुळे मला तिकडचं सगळं कळतं असा माझा समज.

भागीबाई म्हणाली, "बाई, माझं नाव नका घालू. त्याला कळलं तर पोराला जित्ता ठेवायचा नाय."

मी छातीठोकपणे सांगितलं, "हे फार मोठे लोक आहेत. तुम्हाला कुणी ओळखणार नाही."

एल्साला अहवालासाठी फोटो हवा होता. चेहरा नको, हे तिलाही मान्य. मग मीच सुचवलं — हात घ्या! कोपरापर्यंत हिरवं गोंदण, उन्हात सुरेख दिसत होतं. भागीबाई हात मागे घेत होती. मी धरून पुढे केला.

९ मार्च

अहवाल आला! मुखपृष्ठावर भागीबाईचा हात. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

१७ मार्च

फोटो इथल्या पेपरातही आला. मोहिनीबाईंचं, म्हणजे माझं, नाव झालं, म्हणे!

२० मार्च

खंडेरावाने हरसूलच्या भर बाजारात भागीबाईपुढे पेपर टाकला. "हा हात कोनाचा गं?"

चेहरा झाकला काय नि उघडा ठेवला काय — तिकडे बाईचं गोंदण सगळ्या पाड्याला पाठ असतं. लहानपणी आईने बसवून गोंदवून घेतलेलं. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं म्हणतात. तीन वर्षं त्या बायकांच्या हातचा चहा प्यायले आणि मला हे सुचू नये? की फोटो छान येतोय म्हणून सुचूच दिलं नाही?

सोमाला दुसऱ्या भट्टीवर हलवलंय. कुठे, कुणाला ठाऊक नाही. लाज वाटते. पाड्यावर जायचं धाडस नाही.

२२ मार्च

जिनिव्हाला फोन केला. एल्सा रडली. मग म्हणाली, आम्ही नोंद घेतो, सरकारला कळवतो. भट्टीत शिरून कुणाला सोडवायचा अधिकार आम्हाला नाही.

हे तिने जानेवारीतही सांगितलं होतं. भागीबाईला सांगताना मी तेवढंच गाळलं.

२ एप्रिल

पोलिसांत तक्रार दिली. चौकशी करू म्हणाले. घरी नवरा, किशोर, समजूत घालतो, "तुझा हेतू चांगला होता ना?" हेतू! तो काय चाटायचाय?

११ एप्रिल

शहरात येऊन गंगापूर रोड विचारत विचारत भागीबाई दारात आली. हात पदराखाली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"खंडेराव सोमाला सोडतो म्हंतो. पन तुमी लिहून द्या — भागी कायबी बोलली नाय, समदं बाईनंच रचलं."

"आणि बाकीची पोरं?"

"त्यांला त्यांच्या आया हायत." मग हळूच, "मला येकच हाय, बाई."

किशोरने आत ओढून नेलं. "खोटारडी ठरशील. कॉलेजात तरी ठेवतील का?" मी बाहेर आले तेव्हा ती चहा तसाच टाकून गेली होती.

१३ एप्रिल

लिहून दिलं. सही केली. एक प्रत भागीबाईला, एक जिनिव्हाला.

३ मे

सोमा घरी आला. खूप वाळलाय, पण आला. संस्थेने अहवाल मागे घेतला.

स्टाफरूममध्ये कुणी बोलत नाही. ते सोसवतं.

९ मे

आज दारात कमळाबाई. तिचा राजू खंडेरावाच्याच भट्टीवर आहे. म्हणाली, "भागीचा हात छापला नि तिचा पोरगा सुटला. बाई, आता माझंबी लिहा. नाव घाला, तोंडबी छापा."