राईच्या स्टॉपवरचं ‘हाय’

सोम. १३ नोव्हें. २००६
दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. वाटलं, पेपर तपासायचे राहिलेत त्यावरून. तर म्हणाल्या, “संस्थेच्या भाईंदर पूर्वेच्या शाळेत जूनपासून एक जागा रिकामी होतेय. चार वर्षं बदली बदली करून माझं डोकं खाल्लंत ना? घ्या आता. पुढच्या सोमवारी लेखी द्या, हो की नाही.”
घरापासून पायी दहा मिनिटं! पहाटे पाचला उठणं नको, पूल उतरून पश्चिमेला जाणं नको, डोंगरीची बस नको. घरी सुधीर म्हणाला, “सुटलीस.” मीही म्हटलं, सुटले. संध्याकाळी पेढे. चार खाल्ले.

मंगळ. १४ नोव्हें.
आज शोभा झाली. लिहून ठेवते म्हणजे जन्मभर पुरेल.
शाळा सुटल्यावर १२.४५ ची बस. डोंगरीला चढल्यामुळे खिडकी मिळाली, मांडीवर सहावी-ब च्या वह्या. राईच्या स्टॉपला ही गर्दी. खाली एक म्हातारी, भाजीची टोपली घेऊन. रोज दिसते. तिने मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “हाय?”
मला इतकं बरं वाटलं! म्हातारी आगरी बाई, पण जमान्याबरोबर चाललीय. मी पण हात हलवून जोरात, “हाय!”
झालं. बाई टोपलीसकट मागच्या दाराने आत. कंडक्टर मोरे ओरडतोय, “मावशी, जागा नाही, पुढच्या बसने या.” ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, “त्या बायनी सांगितला ना, हाय म्हून!”
अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. ती विचारत होती जागा आहे का, आणि मी मराठीची बाई!
उठले, दुसरं काय करणार. ती माझ्या जागी बसली, माझ्या वह्या स्वतःच्या मांडीवर घेतल्या, त्यावर मेथीची एक ओली जुडी ठेवली. स्टेशनपर्यंत मी उभी. घरी सांगितलं तर सुधीर हसून हसून खोकला.

बुध. १५
मोरेने तिकीट देताना, “काय मॅडम, आज किती जणांना हाय करणार?” मेला.
राईला म्हातारीने खालून पुन्हा विचारलं. मी नीट मागेपुढे बघून सांगितलं, “न्हाय.” तरी चढलीच. दांडा धरून माझ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “आज खरा बोललीस.”
नाव हिराबाय. पूर्वी मिठागरात काम, आता परसातली भाजी भाईंदरच्या बाजारात. गुडघे गेलेत. बसची पायरी उंच.
वर्गात सोनावणेची मुलगी: “बाई, माझ्या वहीला मेथीचा वास येतोय.” येणारच.

गुरु. १६
ड्रायव्हरने मोर्व्याच्या पुढे मध्येच बस थांबवली. वाटलं बिघडली. तर एक माणूस छताचा पंखा खांद्यावर घेऊन भर उन्हात चालत होता, त्याला घेतलं. पंख्याची पाती कुठे ठेवायची? तिघांच्या मांडीवर एकेक. माझ्या वाट्याला एक आलं. शेजारच्या गुजराती बेन म्हणाल्या, “अब घुमाओ, हवा आयेगी.” सगळी बस हसली.
राईला मीच आधी हात बाहेर काढून हिराबायची टोपली वर ओढली. मोरे बेल मारणार होता, माझ्याकडे बघून थांबला. घरी जाऊन एवढं सगळं सांगेपर्यंत भात करपला.
सुधीर: “हे सगळं जूनपासून बंद होईल ना?” सहज म्हणाला. मी करपलेलं पातेलं घासायला घेतलं.

शुक्र. १७
राईला हिराबाय नाही. मी खिडकीतून पार मागपर्यंत वाकून बघितलं. मोरेने विचारलं, “आजी नाही आल्या?” म्हणजे त्याच्याही लक्षात आलं. दिवसभर चुटपुट. काय बाई, चार दिवसांची ओळख.
खरं सांगायचं तर मनात हिशोब सुरू झाला होता, की मी गेले तर हिची टोपली कोण ओढणार. मोरे थांबेल? नाही थांबणार. बदली न घ्यायला चांगलं कारण मिळालं, असंही वाटलं. आणि तसं वाटल्याची लाज.

शनि. १८
आली! काल नातीला बघायला पाहुणे होते म्हणे. टोपली आत घेतली, शेजारी जागा मिळाली, आणि मी सगळं सांगून टाकलं. बदली, घराजवळची शाळा, सोमवारचं उत्तर. आवाज थोडा जड करूनच सांगितलं असेल.
हिराबाय बघतच राहिली. “घराजवल? आन तू इचार करतेस? येडी का काय गो?”
म्हटलं, “मग तुमची टोपली?”
“तू न्हवतीस तवा काय मी घरी बसून व्हती? सत्तावीस वरसा जाते मी बाजारात.”
मग माझ्या मांडीवर दोन मुळे ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बसली. पैसे देऊ केले तर हातावर चापट.
तोंडात मारल्यासारखं झालं. पण राग नाही आला. माझ्यावाचून तिचं काही अडणार नाही, हे एकदाचं कळलं ते बरं झालं. म्हणजे अडलंय ते माझंच. घरात मी सुधीरची बायको, शाळेत बाई. त्या बसमध्ये मी कुणीच नसते, आणि मला ते फार आवडतं. हे लिहिलं तेव्हा कळलं.

रवि. १९
सुधीरने सकाळीच घड्याळ घातलं. “चल, तुझी नवी शाळा किती लांब ते मोजू.” गेलो. गल्ली, पिठाची गिरणी, नाका, शाळेचं फाटक. फाटकाला कुलूप. आठ मिनिटं! तो खूश. “दहासुद्धा नाहीत! आता सकाळी चहा एकत्र घेऊ.” त्याला किती दिवसांपासून हे हवं असेल, कधी बोलला नाही. त्याचा चेहरा बघून मला खरंच भरून आलं.
आठ मिनिटांत काहीही झालं नाही. कुणी काही विचारलं नाही, कुणी हसलं नाही. एक कुत्रं झोपलं होतं, ते तसंच झोपून राहिलं.
“मग? काय लिहिणार उद्या?” सुधीरने विचारलं.
मी म्हटलं, “परत जाताना जरा लांबून जाऊ या का?”
त्याने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि माझ्याबरोबर उलट्या दिशेला वळला.