इसहाकाला खरंच कळलं नव्हतं का?

रविवार, २ फेब्रुवारी २०२५
आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेतल्या वाचनालयात वाचनगटाची बैठक. या महिन्यात जगातल्या जुन्या कुटुंबकथा. चिठ्ठ्या टाकल्या. मला ज्यू लोकांच्या धर्मग्रंथातली इसहाकाची गोष्ट आली. गट चालवणाऱ्या चंद्रिकाबाई म्हणाल्या, शिवप्पा, गोष्टीत कोडी आहेत, ती सोडवून २३ तारखेला बोला.
उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

सोमवार, ३ फेब्रुवारी, सकाळी ८.२०
आत्ताच उठलो. गोष्ट वाचली. इसहाक म्हातारा, डोळे गेलेले. दोन मुलं. थोरला एसाव, अंगानं केसाळ. धाकटा याकोब. बाप थोरल्याला सांगतो, शिकार आण, रांधून वाढ, मग आशीर्वाद देतो. थोरला रानात जातो. इकडे धाकटा थोरल्याचे कपडे चढवतो, हाताला करडाचं कातडं गुंडाळतो, आईनं रांधलेलं ताट घेऊन बापापुढे जातो आणि आशीर्वाद लाटतो. थोरला परत येऊन ओक्साबोक्शी रडतो.
एकदम पटली. आमच्या घरात थोरला मी. वडिलांचे, म्हणजे अप्पांचेही डोळे मोतीबिंदूनं अंधूक, नुसत्या सावल्या दिसतात. महिनाअखेरीला ऑपरेशन.
महेश्वरी म्हणाली, तुम्ही संगमेशभावजींवर जळता म्हणून पटली. बायकोला साहित्यातलं काय कळतं? मी कुणावर जळत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
धाकटा भाऊ संगमेश पुण्याहून गावी आला. चार महिन्यांनी. जिन्यावर पाय वाजला आणि अप्पा आतून ओरडले, "संग्या आला की रं!" मी त्या जिन्यावरून दिवसातून बारा वेळा चढतो. मला विचारतात, "औषधाची वेळ झाली व्हय?"
दोघं दुपारभर हसत होते. काय बोलतात ते कळावं म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन तीनदा आत गेलो. तिन्ही वेळा गप्प झाले.
नोंद: तीस वर्षं भवानी पेठेतलं चादरींचं दुकान मी बघतो. अप्पांची अंघोळ, चष्मा, पथ्य, डॉक्टर, सगळं मी. "शाब्बास" हा शब्द अजून ऐकलेला नाही. तक्रार नाही. नुसती नोंद.

रविवार, ९ फेब्रुवारी
संगमेश गेला. एक निळा शर्ट आणि बॉडी स्प्रे विसरून गेला. बेजबाबदार.
वाचनगटाला गेलो नाही. डोकं दुखत होतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी
मुख्य कोडं सापडलं. इसहाक स्वतः म्हणतो, आवाज याकोबाचा आणि हात एसावाचे. पुन्हा विचारतो, तू खरंच एसावच का? संशय आहे, तरी आशीर्वाद देतो. का?
माझं उत्तर: वय. म्हाताऱ्या माणसाला फसवणं सोपं. पण चंद्रिकाबाई पुरावा मागणार. पुरावा प्रयोगातून मिळतो.
निळा शर्ट मला होतो. पोटावर थोडा ओढतो.
हे निव्वळ संशोधन आहे. संगमेशशी अप्पा काय बोलतात हे ऐकण्याची मला अजिबात उत्सुकता नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी, दुपारी ४
प्रयोग यशस्वी! महेश्वरी माहेरी. निळा शर्ट घातला. स्प्रे चार वेळा मारला, शिंका आल्या. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, वाटीत घेतली. जिना संगमेशसारखा धडधडत चढलो.
अप्पा म्हणाले, "कोण?"
म्हटलं, अप्पाजी, मी संगमेश. तो अप्पाजी म्हणतो, लाडात.
"कवा आलास?"
म्हटलं, सकाळच्या गाडीनं.
"जवळ ये. संग्याच हायस का?"
म्हटलं, हो की. अप्पांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ चाचपला. चादरीचे गठ्ठे उचलून माझ्या तळहाताला घट्टे पडलेत. म्हणाले, "हात लई राठ झालं रं तुजं." म्हटलं, जिमला जातो. पटलं त्यांना! इसहाकासारखं तीनदा विचारलं आणि इसहाकासारखेच फसले.
हुग्गी खाल्ली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "शिवानं माजं लई केलं. त्यानं दुकान धरलं म्हणून तू शिकलास. तुजी आई गेली तवा म्या खचलो हुतो, त्यानंच उभं केलं. असं लेकरू मिळत न्हाय. त्याला सांभाळ."
मी वाटी घेऊन खाली आलो. दुकानाच्या पायरीवर बसलो.

सायंकाळी ६
राग येतोय. माझं कौतुक, तेसुद्धा संगमेशला! तीस वर्षांत मला एक शब्द नाही, आणि तो सकाळच्या गाडीनं आला की सगळं त्याच्या पदरात. आला नव्हता हे खरं. पण अप्पांच्या मते आला होता ना!

रविवार, २३ फेब्रुवारी
भाषण झालं. ठासून सांगितलं की इसहाक साफ फसला होता. चंद्रिकाबाईंनी विचारलं, आवाज ओळखला होता, तरी मुद्दाम आशीर्वाद दिला असेल तर? ज्या मुलाला बापाचा शब्द कपडे बदलून मागावा लागतो, त्या मुलाची कीव आली असेल तर? मी म्हटलं, अशक्य. माझ्याकडे पुरावा आहे. कुठला, ते सांगता आलं नाही. टाळ्या त्यांना पडल्या.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
सकाळी संगमेशचा फोन. आधी नुसता हसत होता. म्हणाला, अण्णा, त्या रविवारी अप्पाजी आणि मी दीड वाजेपर्यंत फोनवर बोलत होतो. मी पुण्यात होतो. तुम्ही अडीचला माझा स्प्रे मारून, संगमेश बनून गेलात, ते त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं.
मी म्हटलं, मग त्यांनी मला हाकललं का नाही?
संगमेश हसायचा थांबला. म्हणाला, मी पण त्यांना हेच विचारलं. अप्पाजी म्हणाले, "शिवा म्हणून त्यो माज्यापाशी बसतच न्हाय. गोळी देतो, जातो. बोलाय गेलं की म्हणतो, गिऱ्हाईक हाय खाली. संग्या होऊन का हुईना, बसला. तवा बोलून घेतलं."
फोन ठेवला.

दुपारी ३
वर गेलो. माझ्याच शर्टात. खुर्ची ओढून बसलो. पंखा फिरत होता. दहा मिनिटांनी त्यांनीच विचारलं, "दुकान उघडं टाकून आलास?"
म्हटलं, नाही, बंद करून आलोय.
मग म्हणाले, "बरं केलंस."
हे संगमेशला सांगणार नाही.