चार मिलिमीटर

४ फेब्रुवारी, मंगळवार

चाललं! टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत — सव्वा मीटर, बावीस सेकंदांत. चाकांना मोटर जोडलेलीच नाही, ती नुसती मोकळी फिरतात. पेटीच्या आत दोन वजनं गरगरतात, पुढे जाताना झटक्यात, मागे येताना सावकाश. तेवढ्यावर अख्खी पेटी ठक-ठक करत पुढे जाते!

हिला शिलाई मशीनवरून उठवून आणलं. पाहिलं तिने. म्हणाली, "आपलं कपडे धुवायचं मशीनसुद्धा असंच चालत बाथरूमच्या दारापर्यंत येतं. त्याचं नाही कोणी कौतुक केलं."

आता हिला काय सांगू — कल्पना तिथूनच तर आली.

५ फेब्रुवारी

संध्याकाळी मास्तर दुकानात आले. रोजच येतात. मी जळालेल्या मोटरींना नवीन तार गुंडाळत असतो आणि ते स्टुलावर बसून जगाच्या चुका काढत असतात. मला नववीत विज्ञान शिकवायचे. रिटायर होऊन अठरा वर्षं झाली, तरी मी अजून त्यांच्या वर्गातच आहे.

यंत्र चालवून दाखवलं. हसले. "अरे, बंद गाडीत बसून आतून धक्का मारलास तर गाडी पुढे जाते का?"

तेच वाक्य! शब्द न शब्द तोच. नववीत हेच म्हणाले होते, आणि मी उठून विचारलं होतं, सर, पुढे जोरात उडी मारली आणि मागे हळूच आलं तर? सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. सदतीस वर्षं झाली. त्यांना आठवतही नाही!

८ फेब्रुवारी

चित्त थाऱ्यावर नाही. आज पाण्याच्या पंपाच्या मोटरीला बेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस वेढे घातले. सगळी तार उसवावी लागली. जेवताना पाय हलवत होतो, तर हिने ताट उचलून पलीकडे ठेवलं. "आमटी सांडतेय. आधी पाय बंद कर."

मास्तरांचं म्हणणं असं — टेबलच फसवतंय. झटका बसतो तेव्हा पेटी घर्षणाला जुमानत नाही, सावकाश मागे येताना मात्र टेबल तिला धरून ठेवतं. म्हणजे पेटी टेबलाला ढकलूनच पुढे जाते. "टेबल काढ आणि मग चालवून दाखव. छताला टांग. खरा जोर असेल तर टांगलेली पेटी एका बाजूला सरकून तिथेच राहील. नाहीतर जागच्या जागी थरथरेल. सोपं आहे."

सोपं आहे म्हणे. त्यांचं काय जातंय!

१३ फेब्रुवारी

अजून टांगलं नाही. छताच्या कडीला तेल घातलं, एवढंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

टांगलं.

दुकान बंद ठेवलं. चार बारीक तारांवर पेटी, खाली टोकदार खिळा, खिळ्याखाली आखलेला कागद. मास्तरांनी स्वतः पंखा बंद केला, खिडकी लावली, दाराच्या फटीत पोतं कोंबलं. म्हणाले, "आता वाऱ्याचं नाव सांगायचं नाही."

बटण दाबलं. खिळा थरथरला. आधी जागच्या जागी. मग हळूहळू पुढे. आणि पुढेच राहिला! चार मिलिमीटर.

मास्तर म्हणाले, "पुन्हा." पुन्हा चार. पाच वेळा केलं, पाचही वेळा चार. मग ते गुडघे धरून खाली वाकले, चष्मा काढून कागद पाहिला, चष्मा लावून पाहिला. स्टुलावर बसले. शेवटी म्हणाले, "अडतीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं की काय रे मी?"

या क्षणाची मी केवढी वाट पाहिली होती. वाटलं होतं, नाचेन. पण उठून त्यांना पाणी आणून दिलं.

तेव्हाच त्यांना नववीची ती गोष्ट सांगितली. ऐकून घेतली. म्हणाले, "मी हसलो होतो? मग चुकलंच माझं."

१८ फेब्रुवारी

मास्तरांनी भलतंच काढलंय! रविवारी त्यांची निवृत्त शिक्षकांची बैठक आहे. तिथे उभे राहून सगळं सांगणार. भाषण लिहून आणलं होतं, मला वाचून दाखवलं. "शिक्षकाने आपली चूक आपल्याच तोंडाने सांगावी," असं पहिलंच वाक्य. पुढे माझं नाव तीनदा.

म्हटलं, घाई नको, अजून तपासू या. तर म्हणाले, "पाच वेळा तपासलं ना? भितोस काय?"

भीत नाही. पण चैनही पडत नाही. पंखा नाही, वारा नाही, मग मला नेमकं टोचतंय काय?

२० फेब्रुवारी

सापडलं. न सापडतं तर बरं झालं असतं.

वीज पुरवणारी केबल. भिंतीवरच्या हुकाला अडकवून पेटीपर्यंत नेलेली, जाड, ताठ, वेटोळ्याची. आज दुपारी यंत्र बंदच ठेवलं आणि लाकडी हातोडीने पेटीवर नुसतं टकटक केलं. खिळा सरकला! तीन मिलिमीटर. थरथरीने केबलचं वेटोळं जरा जरा उलगडतं आणि तीच पेटीला ढकलते. यंत्र नाही, केबल!

रोज बारा तास तारा हाताळतो मी. आणि मलाच दिसलं नाही!

२१ फेब्रुवारी

केबल काढून टाकली. बॅटरी पेटीवरच बांधली. दहा वेळा चालवलं. खिळा जागच्या जागी थरथरतो. शून्य.

मास्तर आज आले नाहीत. भाषण पाठ करत असणार.

२२ फेब्रुवारी

हिला सांगितलं. तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "मग इथे काय बसलायस? जा, सांग त्यांना."

"मोडून पडतील गं."

"आणि उद्या चारचौघांत तोंडघशी पडले तर?"

गेलो. मास्तर इस्त्रीचा सदरा कपाटाला टांगून बसले होते, उद्यासाठी. काकूंनी चहा दिला. मास्तर म्हणाले, "तूही चल ना उद्या. पहिल्या रांगेत बस." चहा प्यायलो. परत आलो. नाही सांगितलं!

खरं लिहितो. नुसती दया नव्हती ती. माझं नाव तीनदा आहे त्या भाषणात.

२३ फेब्रुवारी, रविवार

बैठक चारला. सकाळी अकरालाच मास्तरांना दुकानात बोलावलं आणि सगळं करून दाखवलं. आधी हातोडीचं. मग बॅटरीचं. तोंडाने कमी बोललो, हातानेच जास्त सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं, मास्तर. नववीतही."

वाटलं, हसतील. किंवा चिडतील, तीन दिवस का लपवलंस म्हणून. त्यांनी वही मागितली. आकडे पाहिले.

"हातोडीने तीन सरकलं?"

"हो."

"आणि चालवल्यावर चार."

"हो, पण..."

"मग हा एक कुठून आला?"

म्हटलं, हातोडीचा जोर कमी पडला असेल. मोजण्यातही फरक पडतो. आणि बॅटरीवर तर शून्यच आलंय की!

"बॅटरीचं वजन नऊ किलो. पेटी जड झाली, म्हणजे सरकणं कमी दिसणारच."

"अहो, कमी दिसेल मास्तर, पण दिसेल तर! इथे काहीच नाही!"

"तुझी नजर तेवढी बारीक आहे का?"

तासभर भांडलो. मी त्यांचा नियम त्यांनाच समजावत होतो आणि ते मान हलवत नव्हते. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी माझा आवाज चढला. "कशासाठी धरून बसलाय हे? तुमचंच तर खरं ठरलंय!"

वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाले, "अरे, आयुष्यभर वर्गात सांगत आलो — हे होत नाही, ते होत नाही. गेल्या रविवारी पहिल्यांदा वाटलं, काहीतरी होतं."

वही घेऊन खणात ठेवली.

बैठकीला गेले नाहीत. तेवढं एक बरं झालं.

२५ फेब्रुवारी

मास्तर काल नाहीत, आजही नाहीत. यंत्र खाली उतरवून माळ्यावर टाकलं. स्टूल मोकळं. दिवसभर नजर दाराकडेच. तीन मोटरी गुंडाळल्या, तिन्ही बरोबर, तरी बूड टेकत नाही.

२७ फेब्रुवारी

काकू दुकानात आल्या. पहिल्यांदाच. दारातूनच म्हणाल्या, "अरे, यांनी बाहेरच्या खोलीतला पंखा उतरवलाय. मोटर उघडून बसलेत. दोन दिवस जेवणाकडे लक्ष नाही. तू तरी समजाव."

समजवायलाच गेलो. मास्तर जमिनीवर फतकल मारून बसलेले, कोपरापर्यंत ग्रीस, शेजारी पत्र्याची रिकामी पेटी आणि दोन वजनं. मान वर न करता म्हणाले, "बरं झालं आलास. हे टोक धर जरा."

धरलं.