दहा गॅलन, माझ्या हिशोबाने

२ मार्च, सकाळ
ब्रेनाचा फोन. लग्न १ जूनला, तळ्याकाठच्या हॉलमध्ये. बिअर घरचीच हवी म्हणते. डॅड, तू आणि कर्ट मिळून करा ना, म्हणाली. मिळून! कर्ट म्हणजे तिच्या आईचा दुसरा नवरा. डब्यातला तयार पाक बादलीत ओततो, वर नळ सोडतो आणि चारचौघांत बिअर बनवतो म्हणून सांगतो. त्याच्याबरोबर मिळून मी चहासुद्धा करणार नाही.

मी धान्यापासून करणार. एकट्याने. दहा गॅलन. लेकीच्या लग्नात तिच्या हातात माझी बिअर असली पाहिजे, त्या पाकवाल्याची नाही.

धान्यापासून यापूर्वी केलेली नाही. पण त्यात आहे काय? माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जवाचं धान्य, गरम पाण्यात भिजवायचं, रस काढून उकळायचा, गार करून यीस्ट घालायचं. सगळा खेळ पाण्याचा. आणि शहराच्या पाणीपुरवठ्यात जन्म घालवलेल्या माणसाला पाणी कोण शिकवणार?

संकल्प: ब्रेनासमोर कर्टला नावं ठेवायची नाहीत.

५ मार्च
ठेवली. विषयच तिने काढला.

९ मार्च
बिअर क्लबची मीटिंग. खोलीभर दाढ्या, अक्कल एकीलाही चिकटलेली नाही. अध्यक्ष व्हर्लिन म्हणे, पाण्याचा हिशोब फोनवरचं ॲप करून देतं. याला उद्या बुटाची नाडीही ॲपच बांधून देईल. वर म्हणे, धान्य पाणी पितं रे, तेवढं जास्तीचं धर, आणि उकळताना उडतं तेही धर. मी म्हटलं, आमच्या खात्यात याला गळती म्हणायचे, आणि ‘पाणी प्यायलं कोणीतरी’ असं सांगणारे सुपरवायझर घरी बसायचे. तो म्हणाला, बरं बाबा, तू म्हणशील तसं. वाद मी जिंकला.

११ मार्च
प्रयोग. उकळताना खरंच किती पाणी उडतं? सुपाचं भांडं, तासभर उकळी. वाफेने स्वयंपाकघराचा वॉलपेपर सुटू नये म्हणून झाकण ठेवलं. जवळजवळ काहीच उडालं नाही. क्लबातले लोक वर्षानुवर्षं उगाच बाऊ करताहेत.

सूत्र पक्कं: जेवढं पाणी, तेवढी बिअर. वर अर्धा गॅलन, मनाच्या मोठेपणासाठी. कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं. अजून कोणी आलेलं नाही.

६ एप्रिल, सकाळी ८
आज बिअर. गॅरेजचं दार उघडं, गॅसची शेगडी बाहेर, तळ्याकडून वारा. साडेदहा गॅलन पाणी तापवलं. पिकनिकला बर्फ ठेवायच्या मोठ्या डब्यात माल्टवर ओतलं. घट्ट लापशी झाली. ठीकच आहे.

१०.३०
डब्याची तोटी उघडली. धार छान. मग बारीक. मग थेंब. मग काही नाही.

१०.४०
डब्याखाली पाहिलं. फरशी कोरडी. गळती नाही.

११
व्हर्लिन डोनट घेऊन आला, न बोलावता. आत डोकावून म्हणाला, माल्ट टम्म फुगलंय बघ, अजून गरम पाणी ओत त्यावर, बरीच गोडी आत अडकलीय. मी म्हटलं, ते हिशोबात नाही. माल्ट हाताने पिळलं. हात भाजले. डोनटही शिळे होते.

२.१५
उकळून झालं. झाकण ठेवायचं नसतं, व्हर्लिन म्हणे, वास अडकतो. मग प्रयोगाच्या दिवशी का नाही सांगितलं? वाऱ्याने वाफ नुसती ओढून नेली. गाळ सोडून हाती साडेचार गॅलन. दोष वाऱ्याचा.

संध्याकाळ
गोडी मोजायची काचेची नळी रसात बुडायलाच तयार नाही. व्हर्लिन म्हणाला, गोडी इतकी म्हणजे कडकपणात ही वाइनलाही मागे टाकेल, उकळून गार केलेलं पाणी घाल, वाढेलही आणि माणसांना पिताही येईल. पाणी घाल! म्हणजे मी कर्टच झालो की. त्याला हाकलला. उरलेले डोनट ठेवून घेतले.

८ एप्रिल
बातमी तिकडे पोचली. कर्टचा फोन. अगदी गोड आवाज. माझी दहा गॅलन होतेय, म्हणे, तुझं पिंपही शेजारीच लावू, आणि थोडं पाणी घाल रे, कोणाला कळतंय? मला कळेल ना! फोन ठेवला. या माणसाला नीट भांडताही येत नाही.

२५ मे
चाखली. आधी खोकल्याचं औषध, मग कढत मध, मग बरं वाटतं. एका ग्लासनंतर खुर्चीतून उठायला वेळ लागला. दर्जा म्हणतात तो हाच.

१ जून, दुपारी ४
हॉल. दोन पिंपं शेजारी. कर्टच्या पिंपासमोर रांग. बिनडोक माणसाला रांगेत उभं राहायला फार आवडतं. ब्रेनाच्या सासूने माझ्या बिअरचा एक घोट घेतला आणि ग्लास खिडकीत ठेवला. कुंडीशेजारी.

४.३०
ब्रेना आली. फार सुंदर दिसत होती. घोट घेतला, डोळ्यांत पाणी. कडक आहे गं बाई, म्हणाली, पण तू केलीस ना डॅड. मग कोणीतरी हाक मारली. ग्लास माझ्या हातात देऊन गेली.

तो संपवला. बिअर कशी प्यायची ते या लोकांना कोणीतरी दाखवायला हवं.

५.१०
तिसरा. हात स्थिर. अक्षर वारा हलवतोय.

५.५०
लोक मू

२ जून
जाग आली ती घरी. कोचावर. पायात बूट नव्हते, अंगावर पांघरूण होतं. कर्टने आणून सोडलं म्हणे. बूट दाराशी नीट जोडून ठेवलेले. अशा बारीकसारीक गोष्टींत त्याचं डोकं चालतं.

दुपारी ब्रेनाच्या आईचा, लोर्नाचा, फोन. बाप-लेकीच्या नाचाची वेळ झाली तेव्हा माइकवरून माझं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. मी पिंपांमागे खुर्चीत झोपलो होतो. ब्रेनाने स्वतः येऊन हलवलं. बराच वेळ हलवत होती. गाणं थांबवून ठेवलं होतं, सगळे उभे होते. मग ती कर्टबरोबर नाचली. तो नको नको म्हणत होता, तिनेच त्याचा हात धरला.

मी म्हटलं, त्याला नाचता येत नाही, मला माहीत आहे.

मग विचारलं, ब्रेना रडली का.

नाही, लोर्ना म्हणाली, छान नाचली.