चिठ्ठीत नाव नव्हतं

पाळकबाई,

तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. काल आपल्या चर्चच्या नव्या पाळकबाई घरी आल्या होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. महिला सभेत मी बोलावं म्हणतात. विषय असा, की नोकरी आणि घर दोन्ही ओढणाऱ्यांना मंडळीने आधार कसा द्यावा. त्या गेल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला: मलाच का? हिला कोणी काय सांगितलंय? माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच. मुद्दे काढायला बसले आणि तुम्हालाच लिहायला लागले.

तेव्हा मी जालन्याहून तीर्थपुरीच्या शाळेत अप-डाउन करत होते. सकाळच्या एसटीने निघायचं, परत येईपर्यंत दिवेलागण. हे लोखंडाच्या कंपनीत, भट्टीवर. डबल पाळी झाली की घराऐवजी गुत्ता गाठायचे. लेक दुसरीत होती, शाळा सुटली की शेजारणीच्या ओट्यावर बसून राहायची. एका संध्याकाळी मी स्टँडवर उतरते तर तुम्ही उभ्या, लेकीचा हात धरून. म्हणालात, रोज आमच्याकडे राहू द्या, मला घरात करमत नाही. मी आभार मानले आणि रस्ताभर विचार करत आले, की हिला काय हवंय? पाळकाची बायको फुकट पोर सांभाळते म्हणजे घरातल्या बातम्या काढायला असणार. घरी येताच लेकीची उलटतपासणी घेतली: बाईंनी पप्पांचं काही विचारलं? ती म्हणाली, नाही, शेंगदाणे-गूळ दिला आणि पाढे म्हणून घेतले. माझा विश्वास बसला नाही. वर्षभर रोज तेच विचारत राहिले.

तुमच्यापाशी मी एक शब्द बोलले नाही, पण चर्चच्या दाराशी प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी होती, तिच्यावर मात्र विश्वास टाकला. यांनी त्या आठवड्यात हात उगारला होता. माझं मनगट सुजलं, फळ्यावर लिहिता येईना, आणि मुलांना सांगितलं की बाई मोरीत घसरून पडल्या. चिठ्ठीत नाव घातलं नाही. एका बहिणीचा नवरा कंपनीत डबल पाळी करतो, पितो, मारतो, लहान लेक आहे, प्रार्थना करा, एवढंच. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी माझी गत. आपली मंडळी चाळीस घरांची आणि त्यात डबल पाळी करणारा माणूस एकच. पाळकसाहेबांनी रविवारी चिठ्ठी जशीच्या तशी वाचली. माना वळल्या. हे भर उपासनेतून उठून गेले.

घरी आले तर दारातच उभे. "आपल्या घरातलं ह्यांना कुनी सांगितलं? तू?" लेक माझ्या पदराआड होती. मी घाबरले होते, हे खरं आहे, पण ते सांगून मला सुटायचं नाही. मी म्हटलं, पाळकबाईंनीच पोरीकडून काढून घेतलं असेल.

हे तडक तुमच्याकडे आले, मागून मी. तुम्ही ओट्यावर तांदूळ निवडत होतात. यांनी बोलू नये ते सगळं तुम्हाला ऐकवलं. तुम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं. यांनी स्वतःविरुद्ध चिठ्ठी लिहिणं शक्य नव्हतं. उरलं कोण, हे कळायला तुम्हाला वेळ लागला नसेल. माझ्याकडे एकदाच पाहिलंत आणि सूप खाली ठेवलंत.

"चुकलं माझं, भाऊ. मी बोलायला नको व्हतं."

त्या दिवशी यांनी मला हात लावला नाही. सगळा राग तुमच्या ओट्यावरच निघाला होता. लेकीला तुमच्याकडे पाठवायची मात्र बंदी झाली. दुसऱ्या दिवसापासून तुम्हीच शेजारणीच्या ओट्यावर येऊन बसायला लागलात. यांनी हटकलं तर म्हणालात, "मी हिच्याकडं आलेय, तुमच्या लेकीकडं न्हाई."

मला वाटलं, हिच्या हातात माझी शेंडी आली. आता कधी तरी हिसका देणारच. तुम्ही एखादं काम सांगितलंत की मी मनात म्हणे, झाली सुरुवात. तुमची बदली झाली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. तुमच्या मातीला आले तेव्हाही मी एकेक चेहरा न्याहाळत होते, की यातल्या कुणाला ठाऊक आहे. रडू आलं नाही. आता येतं, आणि तुमचा रागही येतो. एकदा तरी मला जाब विचारायचा होता, मी कबूल केलं असतं. केलं असतं का, कोण जाणे.

सभेत हे सांगता येणार नाही. हे पत्र तुमच्या मुलालाही पाठवायचं नाही, तो चार जणांना दाखवील.

डॉक्टरांनी दम दिल्यावर यांनी दारू सोडली. आता हे मंडळीचे पंच आहेत, पहिल्या बाकावर बसतात. काल चहा पिता पिता त्या पोरीला म्हणाले, "आधीच्या एक पाळकबाई चांगल्या व्हत्या, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. तुम्ही तेवढं सांभाळा." हे असं बोलायला लागले की मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. काल जायच्या आत त्या पोरीने माझ्याकडे वळून विचारलं, खरंच का हो?

मी हो म्हणाले.