आयदाचे बूट

पोद्रेबर, ३ फेब्रुवारी

प्रिय निवेसताई,

तेलाची बाटली आणि अंजिरं पोचली. बाटली न फुटता आली, हे टपालवाल्यांचे उपकार. अंजिरं आयदाने फस्त केली, मला चाखायला दोनच मिळाली. भावोजींची पाठ कशी आहे? मिठागरावर इतक्यात जाऊ देऊ नकोस त्यांना. इकडे सगळं ठीक. बर्फ खिडकीला टेकलाय. गाश्पर रात्रभर उतारावर बर्फ दाबायचं यंत्र चालवतो आणि दिवसभर घोरतो, त्यामुळे नवराबायकोत भांडणाला सवडच नाही.

स्कीच्या शाळेत मात्र जत्रा भरलीय. पोरांना बूट घालायचं आणि कोण तयार आहे ते ठरवायचं काम अजून माझ्याकडेच आहे. परवा राजधानीतून एक बाई आल्या. "आमचा मातिया तीनच वर्षांचा आहे, पण भलता हुशार आहे हो!" मी म्हटलं, "हुशारी राहू द्या, त्याला शू लागली की सांगता येतं का?" बाईंचं तोंड एवढंसं झालं. वयाबियाचं काही नसतं गं. पोराला दोन्ही पाय जुळवून उडी मारता यावी, हातमोजा आपला आपण घालता यावा, आई दिसेनाशी झाली तरी थोडा वेळ तग धरता यावा, आणि 'थांब' म्हटलं की थांबावं. बस्स. मातिया आईचा कोट काही सोडीना. "पुढच्या वर्षी या," म्हटलं. आई पाय आपटत गेली, पोरगा खुशीत.

तू विचारलंयस, यंदा उन्हाळ्यात नक्की येताय ना, खोलीला रंग काढून घेऊ का? त्याचं सांगते, पण आधी आयदाचं सांगू दे.

या घरातली पोरं तिसऱ्या वर्षी स्कीवर उभी राहतात. घरामागच्या उतारावर नासपतीचं झाड आहे. दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, पोराने स्की लावून, आडवी पावलं टाकत, त्या झाडापर्यंत आपलं आपण चढायचं. कुणी हात द्यायचा नाही. मग घसरत खाली यायचं, आणि दारामागे त्याच्या नावाचा खिळा ठोकला जातो, स्की टांगायला. गाश्परचा खिळा आहे, सासूबाईंचा आहे, कधीच गेलेल्या पणजोबांचाही आहे. माझा नाही. मी इथे एका हिवाळ्यापुरती स्वयंपाकाला म्हणून आले होते, आठवतं ना? माझ्या स्की लाकडाच्या खोपीत पडलेल्या असतात.

आयदा पाच वर्षांची झाली. दोन सण मी 'अजून तयार नाही' म्हणून काढले. सासूबाईंचे टोमणे चालूच असतात, "जगाची पोरं तयार करतेस, घरचीला काय धाड भरलीय?" सासरे मात्र म्हणायचे, "ते लिविया ठरवेल. तिचं कामच आहे ते."

गाश्परने मला शब्द दिलाय, तुला माहीत आहे. शाळेत जायच्या आधी पोरीला बर्फाची गोडी लागली नाही, तर तिला घेऊन तुझ्या ताईकडे पिरानला जा, तिथल्या शाळेत घाल, मी रविवारी येत जाईन. शाळा सप्टेंबरात सुरू होईल. म्हणजे मला हा एकच सण काढायचा होता.

आणि ताई, आयदा तयार आहे. केव्हाची तयार आहे. एका पायावर उड्या मारत जिना उतरते, आणि मी तासभर दिसले नाही तरी तिच्या गावीही नसतं.

म्हणून काल मी तिला गेल्या वर्षीचे बूट घातले.

चुकून नाही. बोटं आत दुमडली, हे माझ्या हाताला कळलं. तरी मी कड्या आवळल्या. तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू? मला वाटलं, एकदा दुखेल, रडेल, आणि 'नको' म्हणेल. मला तिचा तो एक 'नको' हवा होता.

चार पावलांत रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "आईवर गेलीय, दुसरं काय!" मी म्हटलं, "बघा, ती नाही म्हणतेय." इतक्या मायेने म्हटलं की माझंच मला खरं वाटलं.

पण बाबा, म्हणजे सासरे, तिच्यापुढे बर्फात बसले. इथे पोर रडलं की आधी बूट काढतात, मग विचारपूस. रोज मी तेच करते, आणि नेमकं तेच विसरले. मोजा निघाला. अंगठा लालभडक. त्यांनी पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी निघणार. ते सासूबाईंकडे वळून एवढंच बोलले, "श्तेफ्का, शेजारच्या मेताचे बूट मागून आण. पोरगी वाढली, कुणाच्या लक्षात आलं नाही."

कुणाच्या लक्षात आलं नाही! त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मेताचे बूट आले. आयदाने बाहीला नाक पुसलं आणि चढायला लागली. मध्येच घसरली, बसली. मी धावले, तर बाबांनी हात आडवा धरला. उठली, झाडापर्यंत गेली, खोडाला थापटी मारली आणि आली की गं खाली! थांबायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेच्या कुंपणाशी उभी राहून माझंच बघत आलीय म्हणे. बरोबर माझ्यापुढे थांबली आणि माझं तोंड बघून म्हणाली, "आई, तुझे पण बूट दुखतात?"

मी हो म्हटलं. तोवर ती पुन्हा चढायलाही लागली होती.

आज सकाळी दारामागे दोन नवे खिळे दिसले. एक खाली, आयदाच्या उंचीचा. दुसरा त्याच्या शेजारी, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. बाबा हातोडी घेऊन उभेच होते. "हा कुणाचा?" मी विचारलं. "तुझा. कधीच ठोकायला हवा होता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जायचं असेल तर जा, पोरी. मी गाश्परला समजावेन. पण तिच्या पायांना पुन्हा त्रास देऊ नकोस."

बघ ना, दार कुणी लावलंच नाही. लावलं असतं तर ढकलून बाहेर पडले असते. आता तिला उचलून आणू तर तो उतार तिच्याकडून हिसकावून घेतल्यासारखं होईल, आणि तिला सोडून मी एक दिवस राहू शकत नाही. मला श्वास घ्यायला होत नाही गं इथे, आणि हे सगळे माझ्याशी किती चांगले वागतात.

खोलीला रंग काढू नकोस. चांगला भाडेकरू मिळाला तर ठेव, माझ्यासाठी अडवून धरू नकोस. आई गेल्यावर तिचे पडदे तू तिथे लावले होतेस, तेवढे मात्र काढून ठेव.

आयदा मागच्या अंगणातून हाका मारतेय, तू पण चढ म्हणून. तिच्या स्की सकाळपासून खिळ्यावर टिकलेल्या नाहीत. शेजारचा खिळा रिकामा आहे. भावोजींना नमस्कार सांग.

तुझी, अजून तयार नसलेली,
लिविया