आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात

३ मार्च
आजपासून वेळ वाचवायचा. ठरलं म्हणजे ठरलं. एकवीस तारखेला, शुक्रवारी, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. अख्खा दिवस सोबत राहीन असा शब्द दिलाय. दाताच्या वेळी ऑफिसमुळे जमलं नव्हतं. गुडघ्याच्या वेळीही ऑफिसच. यंदा आधीपासून वेळ साठवणार. फोनवर त्यासाठी अ‍ॅप टाकली. निवडण्यात अख्खी संध्याकाळ गेली, पण ती गुंतवणूक.

५ मार्च
दमलो. किराण्याच्या अ‍ॅपवर घरपोच फुकट, पण ठरावीक रकमेच्या वर. म्हणून साबण जास्त घेतले. बायको म्हणाली, आता साबणांसाठी वेगळं घर बघा. तिला दूरदृष्टी नाही.

८ मार्च
वेळ कुठे जातो याचा तक्ता एका अ‍ॅपने काढून दिला. सगळ्यात वर बाबा. एकटे राहतात, दिवसभर मेसेज. नळ गळतोय. चप्पल तुटली. खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी पेपर आणून दिला. तू जेवलास का?
उत्तर द्यायला मन लागतं आणि मन ऑफिसात. आमची लिफ्टदुरुस्तीची कंपनी, मी तक्रारी घेतो. लोक दोन मजल्यांच्या मध्ये अडकून मेसेज करतात, त्यांना आपोआप उत्तर देणारं टूल आहे. तेच स्वतःच्या फोनला जोडलं. ऑफिसचं, म्हणजे फुकट. बाबांना यापुढे लगेच उत्तर जाईल: ‘आपला संदेश मिळाला. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.’ त्यांचे मेसेज बाजूला साठतील, ते रविवारी एकगठ्ठा वाचायचे.

११ मार्च
टूल झकास चाललंय. वाचलेल्या वेळात वेळ वाचवणारी आणखी अ‍ॅप पाहिली. डोळे चुरचुरतात.

१६ मार्च, रविवार
बाबांच्या मेसेजचा ढीग पाहूनच थकवा आला. पुढच्या रविवारी. बायको म्हणाली, निदान एक फोन करा. फोन म्हणजे अर्धा तास. तिला सांगितलं, सगळा वेळ शुक्रवारसाठी राखलाय, मध्येच मोडायचा नाही. ती उठून साबण रचायला लागली. पटलं असावं.

२० मार्च
रजा मंजूर. साहेबांनी विचारलं, या वेळी खरंच जाणार का? खोचक माणूस. पाण्याची बाटली, बाबांना वाचून दाखवायला पेपर, सगळं बॅगेत. टॅक्सी सवलतीत बुक.

२१ मार्च, सकाळी
दवाखान्यात वेळेआधी पोचलो, हे मुद्दाम नोंदवतो.
नर्सबाई म्हणाल्या, त्यांचं मंगळवारीच झालं. डॉक्टर परगावी जाणार म्हणून तारीख अलीकडे आणली, सगळ्यांना कळवलं होतं. सोबत कोण होतं, विचारलं. एक शिकवणीच्या बाई.
बाकावर बसून ढीग उघडला. सोमवारी बाबांचा मेसेज: ‘ऑपरेशन उद्याच आहे. आठला येशील ना? जरा भीती वाटते.’ खाली आमचं उत्तर, त्याच मिनिटाला.
टूलमध्ये दोष नाही.

दुपारी
तसाच बाबांच्या घरी गेलो. ते काळा चष्मा लावून दारातच उभे. ओरडतील म्हणून टॅक्सीत चांगली वाक्यं जुळवली होती, एकही लागलं नाही. म्हणाले, रजेचं जमलं नसेल, ठाऊक होतं मला. पण हल्ली उत्तर किती चटकन देतोस. पूर्वी चार-चार दिवस पत्ता नसायचा. आत नेईपर्यंत मी मेसेज करत होतो आणि प्रत्येक वेळी तुझं उत्तर आलं. धीर आला रे. शिकवणीच्या बाईंनाही दाखवलं, बघा, पोरगा किती मानाने लिहितो. ‘आमच्यासाठी’ लिहिलंस, म्हणजे सूनबाईही आली त्यात.
खुलासा करणार होतो. लांबला असता. नळ अजून गळत होता.

२२ मार्च
टूल काढून टाकलं. यापुढे बाबांना स्वतः लिहायचं. रोज. मनापासून.
सकाळी त्यांचा मेसेज: ‘पेपरातली बारीक अक्षरं दिसली. तू जेवलास का?’
लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. दुपार झाली.
‘बरा आहेस ना? उत्तर नाही आलं.’
शेवटी एकेक अक्षर स्वतःच्या बोटाने टाइप करून पाठवलं. आपला संदेश मिळाला. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.